शेपटीला टॅब एकच

मोठ्या खोक्यांतून विमान आलं तेव्हा
ओरेस्टने आधी यादी ताडून पाहिली,
मग झोपेतही रिव्हेट मोजू लागला.
त्याला आता तीन हिवाळे झाले.
बाहेर उणे एकतीस, शेडमध्ये उणे चार,
आणि आम्ही भाऊ-बहीण, मिळून एकशे एकेचाळीस वर्षांचे,
हातभर पट्टीवरून भांडतोय.

पट्टी म्हणजे ट्रिमचा टॅब.
एलिव्हेटरच्या मागच्या काठाला बिजागरीवर असते.
ती खाली वळली की एलिव्हेटर वर जातो.
धाकट्याने उलट बोलावं
आणि थोरल्याने त्यामुळेच जागेवर राहावं,
असं आमच्या घरी कधी झालेलं नाही.

ती विमान वळवत नाही, नेत नाही कुठे.
हातावरचा भार तेवढा उतरवते,
भरल्या बादलीला पलीकडून कुणी
न सांगता दोन बोटं लावावीत तसा.

ओरेस्टला चाक हवं,
दोन सीटांच्या मध्ये, आणि तिथून शेपटीपर्यंत केबल.
"केबल झिजते तेव्हा हाताला कळतं," तो म्हणतो,
"वीज नुसती जाते."
खरं कारण सांगत नाही.
सत्त्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये, गव्हाचा ऑगर चालू असताना,
त्याच्या डाव्या हाताचा अंगठा गेला.
विजेच्या ट्रिमचं बटण दांड्याच्या माथ्यावर बसतं,
डावा अंगठा टेकतो
नेमकं तिथे.

मला बटण हवं.
सर्व्हो साबणाच्या वडीएवढा, शेपटीतच मावतो,
समोर बारक्या दिव्यांची एक ओळ,
मधला लागला की झालं.
मीही खरं कारण सांगत नाही.
मी उजव्या सीटवर, चाक माझ्या डावीकडे, खाली, जरा मागे,
आणि माझा डावा खांदा
कोटाच्या बाहीशीसुद्धा रोज वाद घालतो.

"सर्व्हो अडकला, एकाच दिशेला पळत सुटला तर?"
"फ्यूज ओढायचा."
"कुठल्या हाताने, लेस्या?"
त्यावर आम्ही दोघांनीही
आपापल्या हातांकडे पाहिलं
आणि चहा ठेवला.

फेब्रुवारीत त्याने स्वयंपाकघरात कॉकपिट मांडलं:
दोन खुर्च्या, दोन झाडू,
मध्ये लोणच्याच्या बरणीचं झाकण, खिळ्यावर फिरणारं.
"कनोरा सोडलं, चढतोयस, दांडा जड झालाय. फिरव."
मी फिरवलं. तोंडातून आवाज काढला नाही.
तो झाकणाकडे बघत नव्हता.
"पुरे," म्हणाला,
आणि झाडू जागेवर ठेवून आला.

सकाळी सर्व्होची ऑर्डर गेलेली होती.
मला न विचारता. मग मीही त्याला न विचारता
बटण दांड्यावरून काढून मधल्या पॅनेलवर आणलं,
कणगीच्या मोटारीला असतं तसलं, वर-खाली दाबायचं, रुंद,
बोटाच्या पेरानेसुद्धा दबेल असं.
त्याने पाहिलं. म्हणाला, "कुरूप आहे."
मी म्हटलं, "वायर तीन इंच वाचली."

जूनमध्ये उडालो.
खाली कनोला पिवळा, तळी शाईच्या डागांसारखी,
आणि दांड्यात तो ओळखीचा हट्ट,
नाक खाली, नाक खाली.
ओरेस्टने बोटाच्या पेराने बटण दाबलं. एक दिवा सरकला.
हट्ट गेला.
त्याने हात अलगद सोडला, चार बोटं हवेत तशीच,
विमान आपलं चालत राहिलं.
मला एक दिवा जास्त वाटला, मी मागे घेतला.
त्याने पुन्हा पुढे.
मध्य कुठला, हे आमचं अजून ठरलेलं नाही.

एक गोष्ट मात्र राहिली.
चाकासाठी त्याने आधीच, एका रात्री, मधल्या पत्र्याला
खाच पाडून ठेवली होती.
तिच्यावर आता झाकणी आहे, चार स्क्रूंची.
परवा साफ करताना मी पाहिलं,
शेडमधला प्रत्येक स्क्रू मोजून आवळणाऱ्या माणसाने
हे चार
नुसते हाताने बसवलेत.